प्रयोगशाळेची साक्ष

रक्त, लघवी किंवा थुंकीची तपासणी झाल्याशिवाय आज अनेक आजारांचे उपचार पुढे सरकत नाहीत. मात्र रुग्णाच्या खाटेपासून दूर कोणीतरी नमुना तपासावा आणि त्याच्या अहवालावर डॉक्टरांनी विसंबावे, ही पद्धत वैद्यकाच्या प्रदीर्घ इतिहासात तशी अलीकडची आहे. ती रूढ होऊन जेमतेम दीडशे वर्षे झाली. या काळात प्रयोगशाळेने दोन गोष्टी साधल्या. डोळ्यांना न दिसणारे रोगाचे कारण तिने दृष्टीस आणले आणि आपलाच निष्कर्ष पारखून घेण्याची शिस्तही तिने हळूहळू अंगी बाणविली. पहिल्या गोष्टीचा गौरव पुष्कळ झाला. दुसरी मात्र सामान्य वाचकाला फारशी परिचित नाही.

प्रयोगशाळा नव्हती तेव्हा वैद्याची इंद्रिये हीच त्याची साधने होती. मधुमेही व्यक्तीच्या लघवीकडे मुंग्या आकर्षित होतात, ही नोंद आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांमध्ये आढळते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील थॉमस विलिस यांनी अशा लघवीच्या गोड चवीचे वर्णन केले. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी लघवी आटवून तळाशी उरणारा पदार्थ साखरच असल्याचे दाखविले. जिभेच्या अनुभवाला रसायनशास्त्राचा आधार मिळाला तो असा.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीमध्ये या विद्येला शास्त्राचे स्वरूप आले. रोगाचे मूळ शरीरातील पेशींमध्ये शोधावे, हा विचार रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ मध्ये मांडला आणि सूक्ष्मदर्शक हे निदानाचे साधन बनले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. दोन वर्षांनी डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जंतूंना रंग देऊन त्यांचे दोन गट पाडण्याची पद्धत शोधली. ती पद्धत आजही जगभरातील प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

मुंबईला या नव्या विद्येची गरज भासली ती प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील तापाचे रुग्ण प्लेगचे असल्याचे निदान मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. त्यानंतर काही आठवड्यांतच जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

याच प्रयोगशाळेवर पुढे मोठे संकट ओढवले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांमधील लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. वस्तुतः त्या बाटलीचे बूच काढताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हा पुरावा मान्य होण्यास पाच वर्षे गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यानंतर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. नमुना किंवा लस कोणाच्या हातून गेली, केव्हा उघडली, कशी हाताळली, याची नोंद नसेल तर प्रयोगशाळेतील निर्दोष कामही व्यर्थ जाते, हा या घटनेचा धडा होता.

निष्कर्ष उलटून तपासण्याचे महत्त्व रक्तगटांच्या अभ्यासातही दिसून आले. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले आणि रक्तदान सुरक्षित होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अनोख्या रक्तगटाची माहिती 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हाच 'बॉम्बे' रक्तगट. तो भारतात साधारणतः दहा हजारांत एकाला असतो. या व्यक्तींच्या तांबड्या पेशी नेहमीच्या चाचणीत 'ओ' गटासारख्याच दिसतात. परंतु त्यांना 'ओ' गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते, कारण त्यांच्या रक्तद्रवात 'ओ' पेशींनाही विरोध करणारी प्रतिद्रव्ये असतात. रुग्णाच्या पेशींबरोबरच त्याचा रक्तद्रवही ज्ञात गटांच्या पेशींशी, 'ओ' पेशींसह, ताडून पाहिला तरच ही चूक उघड होते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर तपासण्यांची संख्या वाढली, तसा अचूकतेचा प्रश्नही ऐरणीवर आला. १९४७ मध्ये विल्यम बेल्क आणि विल्यम संडरमन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखेच नमुने तपासण्यास दिले. उत्तरे मात्र परस्परांपासून खूपच भिन्न आली. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातील मालाच्या दर्जा-नियंत्रणाचा आलेख प्रयोगशाळेत आणला. मूल्य आधीच ठाऊक असलेला नमुना रोज तपासायचा आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेत येते का ते पाहायचे, ही त्यामागील साधी कल्पना.

पुढे यंत्रे आली. वॉलेस कोल्टर यांच्या पेशी मोजण्याच्या उपकरणाला १९५३ मध्ये पेटंट मिळाले. लिओनार्ड स्केग्ज यांचे स्वयंचलित रासायनिक विश्लेषक यंत्र १९५७ मध्ये बाजारात आले. रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्याने रक्तातील इन्सुलिनचे अत्यल्प प्रमाण मोजून दाखविले. त्यासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी शोधलेली 'पीसीआर' पद्धत २०२० च्या कोविड साथीत घरोघरी परिचित झाली.

यंत्रांमुळे वेग वाढला, तरी पडताळणीची जबाबदारी कमी झालेली नाही. उपाशीपोटी द्यावयाचे रक्त जेवणानंतर दिले गेले, नळीवर चुकीचे नाव लागले किंवा नमुना उन्हात राहिला, तर उत्तम यंत्रही चुकीचेच उत्तर देईल. 'एनएबीएल' या राष्ट्रीय मंडळाची मान्यता देताना प्रयोगशाळेची नोंदपद्धती आणि दर्जा-नियंत्रण तपासले जाते, ते याच कारणाने. अहवालातील 'सामान्य मर्यादा'ही समजून घ्यावी. ती बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के जणांच्या मूल्यांवरून ठरविलेली असते. म्हणजे दर वीस निरोगी व्यक्तींपैकी सुमारे एकाचा आकडा त्या मर्यादेबाहेर असणारच. म्हणून एखादा ठळक अक्षरांतील आकडा पाहून घाबरून जाऊ नये आणि सर्व आकडे मर्यादेत आहेत म्हणून अंगावर दिसणाऱ्या लक्षणांकडे दुर्लक्षही करू नये. शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करून घ्यावी. अशा फेरतपासणीत अविश्वासाचा प्रश्न नसतो. प्रयोगशाळा स्वतः रोज तेच करीत असते.