मेंदू-ऑर्गनॉइड अभ्यासाची साधने

मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या मेंदू-ऊतीला मेंदू-ऑर्गनॉइड म्हणतात. मॅडेलिन लँकेस्टर व युर्गेन क्नोब्लिख यांनी 2013 मध्ये व्हिएन्ना येथे ही पद्धत प्रसिद्ध केली. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती वाढली की गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. म्हणून पोषकद्रव सतत हलता ठेवणारे जैव-अभिक्रियक हे यातले पायाभूत साधन होय.

भारतातील उल्लेखनीय काम आयआयटी मद्रास व अमेरिकेतील एमआयटी यांचे. इक्रम खान व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये त्रिमितीय मुद्रणाने सूक्ष्मप्रवाही चिप बनवली. तिच्यात पोषकद्रव वाहत राहतो आणि ऊती बाहेर न काढता सूक्ष्मदर्शकाखाली तिची वाढ पाहता येते. तेव्हा एका चिपचा खर्च सुमारे 5 डॉलर होता. शिवाय चिप धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते. मर्यादित निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळांना हाच गुण सर्वांत मोलाचा ठरेल.

चेतापेशींचे विद्युत-संदेश टिपायला इलेक्ट्रोड लागतात. सपाट पट्टीवरचे इलेक्ट्रोड गोल ऊतीला फक्त खालून स्पर्श करतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये ऊतीभोवती आपोआप मिटणारे, इलेक्ट्रोड बसवलेले कवच तयार केले. त्यामुळे सर्व बाजूंनी नोंद घेता येते. चेतापेशींची हालचाल टिपण्याची दुसरी पद्धत म्हणजे कॅल्शियम-प्रतिमांकन; त्यात सक्रिय पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात.

ऑर्गनॉइड म्हणजे पूर्ण मेंदू नव्हे. झिका विषाणूचा गर्भमेंदूवरील परिणाम उलगडण्यात मात्र त्याचा मोठा उपयोग झाला आहे.