अनुराधा, उंदीर आणि लोखंडाचे अणुगर्भ

अवकाशात राहायचे तर काय काय अडचणी येतील, असे वर्गात विचारून पाहा. मुले भराभर यादी देतात. हवा नाही, पाणी नाही, वजन नाही, आणि मागच्या बाकावरून हमखास येणारा प्रश्न म्हणजे शौचाला कुठे जायचे? या सगळ्या अडचणी खऱ्याच आहेत. पण सर्वांत हट्टी अडचण या यादीत क्वचितच येते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही आणि जाड भिंत बांधून पुरतेपणी अडवताही येत नाही. ती अडचण ओळखण्याच्या आणि मोजण्याच्या कामाचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत झाला आहे.

२९ एप्रिल १९८५ रोजी 'चॅलेंजर' हे अमेरिकी अवकाशयान 'स्पेसलॅब-३' ही प्रयोगशाळा घेऊन उडाले. यानात सात माणसे, दोन छोटी माकडे आणि चोवीस उंदीर होते. मालवाहू कक्षात 'अनुराधा' नावाचे एक भारतीय उपकरणही होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार विश्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग. माणसाच्या अवकाशातील वास्तव्यापुढच्या दोन अगदी वेगळ्या जातींच्या अडचणी या एकाच उड्डाणात शेजारी शेजारी बसून गेल्या होत्या.

पहिली अडचण लगेच बाहेर पडली. प्राण्यांच्या पिंजऱ्यांतील हवेचा झोत अन्नाचे कण आणि लेंड्या एका बाजूला ओढून नेईल, अशी योजना होती. पृथ्वीवर लेंडी खाली पडते. तिथे 'खाली' असे काही नाहीच, त्यामुळे ती झोत नेईल तिकडे जाते आणि झोत कमी पडला तर वाटेल तिकडे जाते. अन्नाचे ट्रे बदलताना हा सगळा केर बाहेर तरंगू लागला आणि पार वैमानिकांच्या कक्षापर्यंत पोहोचला. यानाचे प्रमुख रॉबर्ट ओव्हरमायर यांनी वैतागून केलेल्या तक्रारींची तेव्हा वृत्तपत्रांत बरीच थट्टा झाली. पण थट्टा बाजूला ठेवली तर ही पंखे, चाळण्या आणि झडपा यांची अडचण होती. ती तशीच सुटली. सुधारलेले पिंजरे जून १९९१ च्या उड्डाणात उंदरांसह जाऊन आले. हवा, पाणी आणि मलमूत्र या साऱ्या अडचणी याच जातीच्या आहेत. कटकटीच्या आणि खर्चिक खऱ्या, पण हुशार अभियंता आणि थोडा वेळ मिळाला की नमणाऱ्या.

दुसरी अडचण अनुराधेच्या प्लास्टिकमध्ये आवाज न करता नोंदली जात होती. तिची हकिकत मात्र बरीच मागे जाते.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे भारित कण. ते बहुतांशी हायड्रोजनचे अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन असतात. १९४८ साली अमेरिकेतील संशोधकांनी फोटोग्राफिक इमल्शनच्या काचा फुग्यांना बांधून उंच सोडल्या. त्या काचांवर प्रोटॉनच्या बारीक रेषांबरोबर काही जाडजूड रेषाही उमटल्या. त्या कार्बन, ऑक्सिजनपासून लोखंडापर्यंतच्या जड अणुगर्भांच्या होत्या. या संशोधकांपैकी एक बर्नार्ड पीटर्स. पुढे १९५० च्या दशकात ते मुंबईला आले आणि काही वर्षे टाटा संस्थेत काम करीत होते. १९४५ साली होमी भाभांनी स्थापन केलेली ही संस्था आधी पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यात होती. मग ती गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १९६२ साली कुलाब्याच्या आजच्या इमारतीत आली. संस्थेने पॉलिथिनचे फुगे स्वतः बनवायला घेतले. फुगे उडवण्याचे केंद्र पुढे हैदराबादला झाले.

फुगे कशासाठी, हे मुलांना एका आकड्याने सांगता येते. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवा आहे. म्हणजे दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी बसावे तसे आपण विश्वकिरणांपासून झाकलेले आहोत. फुगा तीस किलोमीटर वर गेला की यातली सुमारे एक टक्का हवा डोक्यावर उरते, आणि जड अणुगर्भ न फुटता हाती लागतात.

पण भारताच्या आकाशाची एक मर्यादा आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भारित कणांना वळवते, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ ही तटबंदी सर्वांत भक्कम असते. आपल्याकडे केवळ अतिशय ऊर्जावान कणच आत शिरतात. मंद कण हवे असतील तर फुगा कितीही उंच नेऊन उपयोग नाही, उच्च अक्षांशांवरच जायला हवे. 'चॅलेंजर'ची कक्षा विषुववृत्ताशी ५७ अंशांनी कललेली होती. अनुराधेला हवे होते ते हेच.

हे उपकरण मला नेहमीच फार देखणे वाटत आले आहे. त्याचा गाभा म्हणजे सीआर-३९ नावाचे पारदर्शक प्लास्टिक. माहीमच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात प्लास्टिकचे भिंग मागा, ते याच पदार्थाचे असण्याचा बराच संभव आहे. जड अणुगर्भ त्यातून आरपार गेला की वाटेतल्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. नंतर ते प्लास्टिक गरम कॉस्टिक सोड्यात ठेवले की तुटलेला भाग लवकर झिजतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखा खळगा दिसतो. खळग्याच्या आकारावरून कण कोणत्या मूलद्रव्याचा आणि किती ऊर्जेचा, हे काढता येते.

पण प्रयोगाचा प्रश्न याहून पुढचा होता. या कणांवर विद्युतभार किती, म्हणजे त्यांचे सगळे इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत की थोडेच? भार प्लास्टिकवर उमटत नाही, कारण आत शिरताच उरलेले इलेक्ट्रॉनही सोलून निघतात. म्हणून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच चाळणी म्हणून वापरायचे ठरले. ऑक्सिजनचा एकच इलेक्ट्रॉन निघालेला असेल तर त्याचा भार पूर्ण सोललेल्या ऑक्सिजनच्या एक अष्टमांश असतो. त्यामुळे तितक्याच ऊर्जेला तो कमी वळतो आणि दुसऱ्याला बंद असलेल्या ठिकाणीही आत शिरतो. मग कण आला तेव्हा यान पृथ्वीवर नेमके कुठे होते, एवढे कळले की झाले. त्यासाठी प्लास्टिकच्या चळतीचे दोन भाग केले, एक स्थिर आणि दुसरा अगदी हळूहळू फिरणारा. कणाची सरळ वाट दोन्ही भागांतून जाते, पण परतल्यावर ती जुळत नाही. जुळवायला किती अंश फिरवावे लागते, त्यावरून कण येण्याची वेळ कळते. घड्याळाचा काटा जणू प्लास्टिकमध्येच गोठलेला!

उत्तर मिळाले ते असे. या मंद कणांपैकी 'विसंगत' म्हटल्या जाणाऱ्या ऑक्सिजनसारख्या कणांचा मुख्यतः एकच इलेक्ट्रॉन निघालेला होता. ताऱ्यांमधल्या जागेतले उदासीन अणू सूर्यमालेत शिरतात, सूर्याजवळ एक इलेक्ट्रॉन गमावतात आणि मग वेग घेतात, या १९७४ साली मांडलेल्या कल्पनेला त्याने बळ दिले. शुद्ध भौतिकीचा प्रश्न, शुद्ध भौतिकीचे उत्तर.

तरीही त्या खळग्यांकडे अंतराळवीराच्या नजरेने पाहायला हवे. कणामुळे वाटेत होणारी मोडतोड त्याच्या भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रोटॉनचा भार १, लोखंडाच्या अणुगर्भाचा २६. सव्वीसचा वर्ग ६७६. म्हणजे तितक्याच वेगाचा लोखंडाचा एक अणुगर्भ पेशीतून जाताना पावणेसातशे प्रोटॉनांइतकी तोडफोड एका बारीक रेषेत करतो. असे कण संख्येने फार थोडे, पण पेशीला ती रेषा दुरुस्त करणे कठीण जाते. १९६९ च्या 'अपोलो-११' मध्ये बझ ऑल्ड्रिन यांना अंधारात प्रकाशाचे ठिपके चमकलेले दिसले. पुढच्या मोहिमांतील अंतराळवीरांनी डोळे झाकून असे ठिपके मोजले. ते विश्वकिरण डोळ्यातून जाताना दिसत होते. अपोलोवीरांची प्लास्टिकची शिरस्त्राणे कॉस्टिक सोड्याने झिजवली तेव्हा त्यांतही असेच खळगे सापडले.

मग भिंत जाड का करू नये? माहीमच्या चाळीतली एक लहान खोली घ्या, लांबी, रुंदी, उंची तीन-तीन मीटर. तिच्या सर्व बाजूंनी एक मीटर पाणी भरायचे. बाहेरचा घन पाच मीटरचा होतो, म्हणून १२५ वजा २७, म्हणजे ९८ घनमीटर. जवळजवळ शंभर टन पाणी, आणि तेही वातावरणाच्या आच्छादनाचा फक्त दहावा भाग. धातूच्या पातळ भिंतीने तर काम बिघडतेच, कारण जड अणुगर्भ त्यातल्या अणुगर्भांवर आपटून फुटतो आणि तुकड्यांचा व न्यूट्रॉनांचा पाऊस आत येतो. म्हणून हायड्रोजन भरपूर असलेले पाणी आणि पॉलिथिन धातूपेक्षा बरे. पॉलिथिन म्हणजे आपल्या फुग्यांचाच पदार्थ.

१९८४ साली राकेश शर्मा 'सॅल्यूत-७' वर सुमारे आठ दिवस राहिले आणि २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अठरा दिवस. दोघेही पृथ्वीच्या चुंबकीय छत्राखालीच होते. त्या छत्राबाहेर माणूस गेला आहे तो चंद्राच्या मोहिमांत, थोड्या दिवसांसाठी, आणि त्यात दैवाचाही हात होता. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावरून कणांचे प्रचंड वादळ आले. 'अपोलो-१६' एप्रिलमध्ये परतले होते आणि 'अपोलो-१७' डिसेंबरमध्ये निघायचे होते. सौरवादळापुरते पाण्याच्या साठ्याआड लपता येते, कारण त्यातले कण बहुतांशी प्रोटॉन असतात. दूरवरून येणारे जड अणुगर्भ मात्र रोजचेच.

ते रोजचे किती, हे २०११-१२ मध्ये मंगळाकडे गेलेल्या 'क्युरिऑसिटी'वरील उपकरणाने वाटेतच मोजले. दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट. पृथ्वीवर नैसर्गिक प्रारणाचा सरासरी डोस वर्षाला सुमारे २.४ असतो. सहा महिने जाणे आणि सहा महिने येणे धरले तर नुसत्या प्रवासातच सुमारे ६६० मिलिसीव्हर्ट होतात. नासाने अंतराळवीराच्या साऱ्या कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ६०० आहे. मंगळावर पोहोचून मातीखाली घर बांधता येईल. वाटेत माती कुठून आणणार?

हा डोसही शेवटी एक अंदाजच आहे. तो काढताना जड कणांना किती वजन द्यायचे, हे शरीराच्या पेशींनाच विचारावे लागते. २००३ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे नासाची खास प्रयोगशाळा सुरू झाली. १९८५ साली यानात एकीकडे उंदीर होते आणि दुसरीकडे जड कण टिपणारे प्लास्टिक. ब्रुकहेवनला उंदरांवर लोखंडाच्या अणुगर्भांचा झोत सोडतात आणि नंतर त्यांची स्मरणशक्ती, रक्त आणि गाठी तपासतात.