न सापडलेलं रसायन

तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र. अन्न आणि ऑक्सिजन वापरून ती एटीपी तयार करते. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण ‘कसं तयार करते?’ या प्रश्नाने जगातल्या नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञांना जवळपास दोन दशकं झुंजवलं.

१९५० च्या दशकात एवढं कळलं होतं : अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. या प्रवासात सुटलेली ऊर्जा एटीपीपर्यंत पोचते कशी, हे मात्र कोडंच होतं. १९५३ मध्ये एडवर्ड स्लेटर यांनी सुचवलं, की मध्ये ऊर्जेने भारलेलं एखादं संयुग असणार. मग ते शोधायला सगळे धावले. ‘सापडलं’ अशा आरोळ्याही उठल्या, पण दरवेळी पुढच्या तपासात हाती शून्य.

१९६१ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या पीटर मिचेल यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की असं संयुग नाहीच. इलेक्ट्रॉन जाताना प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. बाहेर गर्दी, आत टंचाई. धरणात अडवलेलं पाणी झोतयंत्रावर सोडावं तसे ते प्रोटॉन एका विकरातून आत परततात आणि त्या जोरावर एटीपी बनतं.

बहुतेकांनी ही कल्पना उडवून लावली. त्यातच पोटाच्या अल्सरने मिचेल हैराण झाले आणि १९६३ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडलं. कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा दुरुस्त करून त्यांनी तिथेच प्रयोगशाळा थाटली. सोबत होत्या सहकारी जेनिफर मॉयल. ऑक्सिजन संपलेल्या तंतुकणिकांना दोघांनी थोडासा ऑक्सिजन दिला, तर भोवतीचा द्राव आम्लधर्मी झाला. म्हणजे प्रोटॉन खरोखरच बाहेर येत होते.

या कल्पनेने एक जुनं दुःखद कोडंही सुटलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवायला डायनायट्रोफिनॉल घेत. वजन उतरे, पण काहींची दृष्टी गेली, काहींचा ताप इतका चढला की ते दगावले. १९३८ मध्ये ते बंद झालं. हे रसायन प्रोटॉनना विकर टाळून आत आणतं. जणू धरणालाच भगदाड! अन्न जळत राहतं, एटीपी बनत नाही, सगळ्याची नुसती उष्णता होते. त्यावर आजही उतारा नाही आणि ‘फॅट बर्नर’ म्हणून ते आजही ऑनलाइन विकलं जातं.

१९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी मेदाच्या कृत्रिम पिशव्यांमध्ये दोनच गोष्टी बसवल्या : जिवाणूतला प्रकाशावर चालणारा प्रोटॉनपंप आणि गुरांच्या हृदयातलं एटीपी बनवणारं विकर. इलेक्ट्रॉनची साखळी नव्हतीच, तरी प्रकाश पडताच एटीपी बनलं. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं.

ते विकर चालतं कसं, याबद्दलचा मिचेल यांचा अंदाज पुढे चुकीचा ठरला. ते गरगर फिरतं, हे पॉल बॉयर यांचं म्हणणं खरं निघालं. एकेकाळी मिचेल यांच्या विरोधात असलेल्या बॉयर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

इतक्या वर्षांत ते संयुग कुणालाच सापडलं नाही, हेच खरं तर उत्तर होतं.