केसाने गळा : दोन सोल गाण्यांचा तौलनिक विचार

शत्रूचा वार समोरून येतो. मित्र केसाने गळा कापतो. या दुसऱ्या प्रकारावर अमेरिकेतील सोल संगीतात १९७१ आणि १९७२ या लागोपाठच्या वर्षांत दोन गाणी गाजली. विषय एक असूनही दोहोंची रचना भिन्न आहे. ती कशी, हे येथे पाहू.

पहिले गाणे ‘स्मायलिंग फेसेस समटाइम्स’. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी ते रचले. १९७१ मध्ये टेम्प्टेशन्स या गायकगटाने ते बारा मिनिटांहून अधिक लांबीचे ध्वनिमुद्रित केले. मुख्य स्वर एडी केन्ड्रिक्सचा होता. केन्ड्रिक्सने गट सोडला आणि निर्माता व्हिटफील्डने तीच रचना तीन-सव्वातीन मिनिटांत आवळून ‘अनडिस्प्यूटेड ट्रूथ’ या त्रिकुटाकडून गाऊन घेतली. या गाण्यात दगाबाजाला नाव नाही. पाठीवरची थाप आणि हस्तांदोलन, म्हणजे मैत्रीच्या साध्या खुणाच येथे संशयित ठरतात. मोठ्या आवृत्तीत वाद्यांच्या दीर्घ प्रस्तावनेतून हा संशय हळूहळू भिनतो. छोटीत तो थेट इशारा होतो.

दुसरे गाणे ‘बॅक स्टॅबर्स’. लिऑन हफ, जीन मॅकफॅडन आणि जॉन व्हाइटहेड यांची ही रचना ओहायोतील ओ’जेज या गटाने फिलाडेल्फियात गायली. येथे भीतीला घर आणि चेहरे आहेत: निवेदकाच्या घरी येणाऱ्या मित्रांचा डोळा त्याच्या स्त्रीवर आहे. आरंभी पियानोचा गडगडाट होतो आणि संकटाची चाहूल लागते. त्यावर थॉम बेल यांच्या वाद्यसंयोजनातील तंतुवाद्ये मऊ रेशमासारखी पसरतात, ठेका तर नाचायला लावणारा. शब्द सावध करतात, सूर मोहात पाडतात. खोटा मित्रही असाच जवळ येतो. म्हणजे आशय येथे केवळ शब्दांत नाही, वाद्यमेळातही आहे.

‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या मुख्य यादीत ‘अनडिस्प्यूटेड ट्रूथ’ची आवृत्ती आणि ‘बॅक स्टॅबर्स’ दोन्ही तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचल्या. त्यामुळे लोकप्रियतेवरून डावे-उजवे ठरत नाही. रचनेच्या कसोटीवर मात्र दुसरे सरस: पहिले संशय शिकवते, दुसरे फसवणुकीचा अनुभव देते. आणि शेवटाकडे ते पहिल्या गाण्यातील हसऱ्या चेहऱ्यांचा उघड उल्लेख करते. दगाबाजीवरच्या या गाण्याने स्वतःची उसनवारी लपवलेली नाही.