टेबलावर काय ठेवायचं नाही? प्रदर्शनाच्या तयारीचा इतिहास कसा वाचायचा

एखाद्या छोट्या उद्योजकाला व्यापारी प्रदर्शनाची तयारी करताना तुम्ही जवळून पाहिलंय का? बॅनर छापून आणायचा, नमुने खोक्यांत भरायचे, दरपत्रक, व्हिजिटिंग कार्डं, विजेची जादा वायर. ही यादी कुणीही सांगेल. पण या यादीत नसलेला एक प्रश्न त्याला आदल्या रात्री झोपू देत नाही. गिऱ्हाइकासोबत स्पर्धकही स्टॉलवर येणार, मग टेबलावर काय ठेवायचं नाही?

हा प्रश्न इतिहासात कसा शोधायचा, ते आज सांगते. कारण मी आधी तो चुकीच्या जागी शोधला.

१८५१ साली लंडनच्या हायड पार्कमध्ये, काचेच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, जगभरच्या उद्योगांचं प्रदर्शन भरलं. सुमारे १४ हजार प्रदर्शक होते आणि प्रेक्षकांचा आकडा ६० लाखांवर गेला. त्याचा अधिकृत कॅटलॉग म्हणजे संशोधकाला खजिनाच. मी सुरुवातीचे दोन महिने तो वाचून टिपणं काढली आणि ती अभिमानाने गाईड मॅडमना दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "हे तर मांडलेलं झालं. मांडायच्या आधी काय झालं, ते यात कुठे आहे?"

ते त्यात नव्हतंच. कॅटलॉगमध्ये सजलेला स्टॉल दिसतो, त्यामागची धास्ती दिसत नाही. मग ती कुठे सापडते? नियमांत.

नियम उलटा वाचायला शिका. कुणाला तरी कशाची तरी भीती वाटल्याशिवाय सहसा नियम होत नाही. १८५१ च्या प्रदर्शनात जागेचं भाडं नव्हतं, पण माल पोचवणं आणि कपाटं, टेबलं उभी करणं हा खर्च प्रदर्शकाचा होता. वस्तूवर किंमत लावायला मनाई होती. आता छोट्या कारागिराच्या जागी बसून बघा. 'माझी वस्तू स्वस्त आहे' हीच त्याची मोठी जाहिरात, आणि नेमकी तीच करता येत नाही! मग डोळ्यांत भरायला उरतं काय? वस्तूतलं नावीन्य. आणि नावीन्य दाखवलं की नक्कल होण्याचा धोका आलाच.

"मग पेटंट घ्यायचं ना," असं तुम्ही म्हणाल. पण त्या काळात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही ठिकाणी पेटंट घ्यायला ३०० पौंडांहून जास्त खर्च येई. चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये याच विषयावर एक उपरोधिक गोष्ट लिहिली. तिच्यातला गरीब कारागीर एका पेटंटसाठी ३५ टप्पे पार करत राहतो. शिवाय पेटंट घ्यायच्या आधी वस्तू लोकांसमोर मांडली, तर ती 'नवी' राहत नाही आणि पुढे पेटंट मिळायची वाटही बंद होऊ शकते. म्हणजे दाखवलं तरी नुकसान, न दाखवलं तरी नुकसान. म्हणून प्रदर्शन उघडायच्या आधी ब्रिटिश संसदेने खास कायदा केला. प्रदर्शनात नवा शोध मांडणाऱ्याला तात्पुरती नोंदणी करून वर्षभराचं संरक्षण मिळू लागलं. पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, पेटंटचा सगळा कायदा बदलून तो सोपा आणि स्वस्त करण्यात आला.

इथवर आल्यावर मला वाटलं, झालं, माझा निष्कर्ष तयार! 'प्रदर्शनामुळे लोक पेटंटकडे वळले.' इथेच सावध व्हायचं असतं. अर्थ-इतिहासकार पेट्रा मोझर यांनी याच प्रदर्शनाच्या कॅटलॉगमधल्या नोंदी मोजल्या. १८५१ मधल्या ब्रिटिश वस्तूंपैकी साधारण ९ मध्ये १ वस्तूच पेटंट घेतलेली निघाली. मग बाकीच्यांनी काय केलं? मोझर यांच्या अभ्यासातून एक उत्तर मिळतं. ज्या देशांत पेटंटचा कायदा नव्हता, तिथले शोध वैज्ञानिक उपकरणं, खाद्यपदार्थ अशा गुपित टिकणाऱ्या क्षेत्रांत एकवटलेले होते. यंत्र उघडून बघता येतं. पण रंगाची कृती कापडाकडे बघून सहज कळत नाही. म्हणजे कापड टेबलावर ठेवायचं आणि कृती घरी. आपल्या आदल्या रात्रीच्या प्रश्नाचं हे एक जुनं उत्तर.

एक गोष्ट मात्र कुठलाच कॅटलॉग सांगत नाही: कोण आलंच नाही. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या वेळी अनेक परदेशी संशोधकांनी यायला नकार दिला, कारण कल्पना चोरीला जाण्याची भीती होती. ऑस्ट्रियाच्या कायद्यात तर पेटंट टिकवायला वर्षभरात त्याच देशात उत्पादन सुरू करायची अट होती. या तक्रारींमुळे तिथेही परदेशी प्रदर्शकांसाठी तात्पुरता कायदा करावा लागला. त्याच वर्षी व्हिएन्नात पेटंटविषयी परिषद भरली आणि पुढे १८८३ चा पॅरिस करार झाला. त्यात मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतल्या वस्तूंना तात्पुरतं संरक्षण देण्याचं कलम आहे. भारत या करारात १९९८ मध्ये सामील झाला.

आता हे तुम्हाला का सांगतेय? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३१ काढून वाचा. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला असेल, तर ठरावीक अटींवर १२ महिन्यांच्या आत पेटंटचा अर्ज करता येतो. आणि त्याच कलमात, प्रदर्शनाच्या शेजारीच, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंधही आहे! म्हणजे स्टॉल लावणारा उद्योजक आणि पेपर वाचणारे तुम्ही, कायद्याच्या नजरेत एकाच बाकावर बसता. पण ही सवलत आहे, ढाल नव्हे. प्रत्येक प्रदर्शन अधिसूचित नसतं. विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणार असाल, तर पोस्टर लावण्याआधी विद्यापीठाच्या पेटंट कक्षात विचारून घ्या. नंतर विचारलंत तर उशीर झालेला असू शकतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा गृहपाठ. कुठल्याही प्रदर्शनाचं प्रदर्शकांसाठीचं नियमपत्रक मिळवा, जुनं किंवा नवं. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे नियम लिहा. उजवीकडे, हा नियम व्हायच्या आधी कुणाला कशाची भीती वाटली असेल, ते लिहा. उजवा रकाना अंदाजाचा आहे, हे विसरू नका. पत्रं, अर्ज, तक्रारी शोधून तो तपासावा लागेल, आणि काही अंदाज खोडावेही लागतील. माझा पेटंटवाला निष्कर्ष मी असाच खोडला. त्या खोडलेल्या ओळीतूनच माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण सुरू झालं.