मोटारीची निलंबन यंत्रणा

निलंबन यंत्रणा, म्हणजेच सस्पेन्शन, ही मोटारीची चाके आणि तिचा सांगाडा यांना जोडणारी यंत्रणा होय. स्प्रिंग, धक्काशोषक (शॉक ॲब्सॉर्बर), दांडे आणि सांधे हे तिचे प्रमुख घटक आहेत. प्रवाशांना हादरे कमी बसावेत हा तिचा सर्वपरिचित उपयोग असला, तरी चाके रस्त्याला सतत टेकलेली ठेवणे हे तिचे अधिक महत्त्वाचे कार्य आहे. कारण ब्रेक आणि सुकाणू या दोहोंचा परिणाम टायर व रस्ता यांच्यातील घर्षणावरच अवलंबून असतो.

कार्यपद्धती

वऱ्हाडातील पारंपरिक बंडीत चाकांचा आस सांगाड्याला थेट जखडलेला असल्याने रस्त्याचा प्रत्येक धक्का बसणाऱ्यापर्यंत पोहोचतो. मोटारीत या दोहोंमध्ये स्प्रिंग असते. उंचवट्यावर ती दबते व ऊर्जा साठवते. मात्र एकटी स्प्रिंग असती, तर गाडी बराच वेळ वर-खाली डोलत राहिली असती. धक्काशोषकाच्या नळकांड्यातील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. त्यामुळे 'धक्काशोषक' हे नाव काहीसे फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. धक्काशोषक तिची आंदोलने शमवतो.

प्रकार

पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेले कमानपाटे हा जुना प्रकार मालमोटारी व पिकअप वाहनांत आजही वापरला जातो. अँबॅसडर मोटारीच्या मागील बाजूस असेच पाटे होते. बहुतेक लहान मोटारींच्या पुढील चाकांना गुंडाळी स्प्रिंग व धक्काशोषक एकत्र असलेला मॅकफर्सन स्ट्रट असतो. 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्येही तो होता.

बुलढाणा जिल्ह्यातील रस्ते व निलंबन

जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग मानले जातात. घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा भक्कम नसल्यास तिच्यावरील डांबरी रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो. अशा लाटांवर धक्काशोषकाची कसोटी लागते, तर खड्ड्यांचा मार रबरी बुश व बॉल जॉइंट यांना अधिक बसतो. राजूर घाट किंवा बोथा घाट उतरताना भार पुढील चाकांवर आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकतो, त्यामुळे झिजलेल्या सांध्यांचा दोष तेथे लवकर जाणवतो.

मेहकर व सिंदखेड राजा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाची गोष्ट उलट आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झालेल्या या काँक्रीट रस्त्यावर कमकुवत धक्काशोषक सरळ प्रवासात सहसा लक्षात येत नाही. वेगात अचानक ब्रेक दाबावा लागला किंवा गाडी एकदम वळवावी लागली, की तो उघडा पडतो.

कापूस किंवा सोयाबीन वाहणाऱ्या गाड्यांना जादा पाटा बसवून घेतला जातो. त्यामुळे गाडी मागून बसत नाही, हे खरे. परंतु ब्रेक, टायर आणि आस यांची क्षमता तेवढीच राहते. शिवाय रिकाम्या गाडीची मागील चाके खडबडीत रस्त्यावर उसळू लागतात. हा उपाय म्हणजे अतिभार दडवण्याचाच प्रकार होय.

देखभाल

गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडल्यावर ती दोनपेक्षा अधिक वेळा डोलली, तर धक्काशोषक निकामी होत असल्याचा संशय घ्यावा. ही चाचणी ढोबळ आहे. किंचित झीज तिच्यात कळत नाही. नळकांड्यावर ओघळलेले तेल, टायरची ठिकठिकाणी खोलगट झीज आणि ब्रेक लावताना पुढचा भाग फार खाली जाणे ही अन्य लक्षणे आहेत. खड्ड्यात 'खटखट' आवाज येत असल्यास लिंक रॉड, बुश व बॉल जॉइंट तपासावेत. यांपैकी बॉल जॉइंटकडे दुर्लक्ष करणे सर्वांत घातक. तो निखळल्यास चाक कलंडते आणि गाडी ताब्यात राहत नाही.

धक्काशोषक एकाच आसावरील दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात, अन्यथा दोन चाकांचे वर्तन भिन्न राहते. पुढील स्ट्रट किंवा खालची आर्म बदलल्यानंतर चाकांचे संरेखन (व्हील अलाइनमेंट) करून घ्यावे लागते. ते टाळल्यास नवे टायरही एका कडेने झिजतात.