गोधडीची किनार

गोधडीच्या चारही कडांवरून दुमडून शिवलेली कापडी पट्टी. तिला मगजी किंवा गोट असेही म्हणतात. वरखाली जुने लुगडे आणि मध्ये धोतर, चादरी, विटलेली पातळे, अशा थरांना बाहेरून धरून ठेवण्याचे काम तिचे. गोधडी मधल्या भागात शाबूत असते आणि कडेला विरते. म्हणून तिचे आयुष्य बरेचसे किनारीवर ठरते.

उदाहरणार्थ खानदेशातली गोधडी पाहा. खानदेश हा कापसाचा मुलूख. जळगाव, अमळनेर आणि धुळे येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. अंगावर सुती कापड, त्यामुळे गोधडीला लागणारे जुनेर घरातच निघे. धुळ्याचा पारा हिवाळ्यात १० अंशांखाली उतरतो तेव्हा गोधडी पांघरायची, आणि जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रात्री तीच गच्चीवर अंथरायची. घटस्थापनेआधी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुवायला निघते. भिजलेली गोधडी भलतीच जड होते. दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून तिला पीळ देतात, तेव्हा हात कडेलाच असतात आणि सगळा ताण तिथल्या टाक्यांवर येतो.

किनार करण्याची साधी रीत म्हणजे वरचे कापड थोडे मोठे ठेवून ते आत दुमडायचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याचे फेरे घालत जायचे. दुसऱ्या रीतीत पट्टी वेगळी लावतात. यासाठी लुगड्याचा काठ उत्तम, कारण त्याची वीण घट्ट असते. नऊवारीचा एक काठ सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतो. २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीचा घेर ७ मीटर. म्हणजे एकाच काठात पूर्ण फेरा होऊन कोपऱ्यांना आणि जोडाला कापड उरते.

पट्टीसाठी माप मात्र गोधडीचे टाके पूर्ण झाल्यावरच घ्यावे. धावदोऱ्याने कापड आवळते आणि गोधडी आखल्यापेक्षा लहान होते. पट्टी ताणून लावली तर कड गोळा होते, सैल सोडली तर लाटा पडतात. कोपऱ्यापाशी शिवण कडेपासून जितकी आत असेल तितके अंतर आधीच थांबून पट्टी तिरकी वर दुमडतात, मग पुढच्या बाजूला सरळ खाली आणतात; कोपरा टोकदार बसतो. उलट बाजूला ती बारीक टाक्यांनी टाचतात. सरळ कडेला उभ्या धाग्याची पट्टी पुरते, तिरप्या कापाची पट्टी फक्त गोलाकार कोपऱ्यांना लागते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाच्या आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले शिवतात. इतका देखणा कोपरा दुसरीकडे क्वचितच दिसतो.

किनार विरली म्हणून गोधडी टाकून देऊ नये. जुनी पट्टी उसवावी, झिजलेली कड बोटभर आत घ्यावी आणि नवा काठ लावावा.